मराठवाड्यातील बहुमजली निवासी इमारती

लिफ्ट, सामाईक जिना आणि एकत्रित पाणीसाठा असलेली, एकावर एक मजल्यांत अनेक कुटुंबांचे फ्लॅट सामावणारी उंच इमारत म्हणजे बहुमजली निवासी इमारत होय. राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटर व त्याहून अधिक उंचीची इमारत उत्तुंग गणली जाते, तर गगनचुंबी इमारतीसाठी जगभर साधारणतः १५० मीटरची मर्यादा धरतात. मुंबईत तेवढ्या उंचीच्या निवासी इमारती अनेक आहेत. मराठवाड्यात एकही नाही. येथील उंच वसाहती मुख्यतः छत्रपती संभाजीनगर, नांदेड व लातूर या शहरांत आहेत, आणि त्या किती उंच जाव्यात हे जागेच्या टंचाईपेक्षा पाण्याने व भूकंपाच्या धास्तीने अधिक ठरवले आहे.

या इमारती शहराच्या मध्यभागी क्वचितच आढळतात. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसवलेल्या खडकीच्या, म्हणजे आजच्या संभाजीनगरच्या, जुन्या भागात गल्ल्या अरुंद आहेत. इमारतीची अनुज्ञेय उंची मात्र समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर आणि अग्निशमन बंब आत शिरण्याच्या सोयीवर अवलंबून असते. त्यामुळे गुलमंडीसारख्या बाजारपेठेत दुकानावर दोन-तीन मजले चढतात आणि उंच इमारती बीड बायपाससारख्या रुंद रस्त्यांकडे सरकतात. चिकलठाणा विमानतळाच्या परिसरात उड्डाणमार्गामुळे आणखी बंधने येतात.

पाण्याचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. संभाजीनगरला पैठणच्या नाथसागरातून उपसून आणलेले पाणी मिळते, पण नळाला ते रोज येत नाही. म्हणून आलेले पाणी जमिनीखालच्या हौदात साठवून मोटरने गच्चीवरील टाकीत चढवावे लागते, आणि उन्हाळ्यात हौद टँकरवर भरतो. टाकीतून खाली उतरताना दर १० मीटरला पाण्याचा दाब सुमारे एक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटरने वाढतो. परिणामी तळमजल्याजवळच्या नळांना दाब कमी करणाऱ्या झडपा बसवाव्या लागतात, तर टाकीला खेटून असलेल्या शेवटच्या मजल्यावर धार बारीक पडते व तेथे बूस्टर पंप लागतो. टंचाईत वॉचमन सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळच कॉक उघडतो. तेवढ्यात बादल्या, पिंप आणि स्वयंपाकघरातील भांडी भरून ठेवायची असतात. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा वरच्या मजल्यांवरील वृद्धांचे हाल विशेष झाले असणार, हे सहज समजण्यासारखे आहे. संभाजीनगरात मलिक अंबरने बांधलेल्या नहर-ए-अंबरी या भूमिगत जलवाहिनीने कोणत्याही मोटरविना, निव्वळ उताराच्या बळावर मोहल्ल्यांपर्यंत पाणी पोचवले होते. त्याच शहरात आज वीज गेली की टाकी भरणे थांबते.

दुसरे कारण भूकंपाचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद झोपेतल्या माणसांवर कोसळले. हजारो लोक दगावले. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. तोवर हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात असे; २००२ च्या भारतीय मानकात किल्लारी परिसर मध्यम धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात गेला. त्यामुळे कॉलम व बीम यांच्या सांध्यातील रिंगांचे अंतर, त्यांचे वाकवलेले टोक या बारकाव्यांना येथे जिवाचे मोल आहे. तळमजला पार्किंगसाठी भिंतींविना नुसत्या कॉलमवर उभा ठेवण्याची पद्धत सर्वांत धोक्याची ठरते: २००१ च्या भूज भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशा कित्येक इमारती पडल्या. हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले धक्के २०२४ मध्ये नांदेड-परभणीपर्यंत जाणवले, म्हणून हा विषय मागे पडलेला नाही.

पायाच्या बाबतीत संभाजीनगरला मुरूम व काळा पाषाण उथळ लागतो, हे सोयीचे आहे; गोदाकाठची जाड काळी माती मात्र पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया तिच्याखालच्या भक्कम थरापर्यंत न्यावा लागतो.

रहिवाशांच्या दृष्टीने गच्ची सामाईक होणे हा मोठा बदल आहे. माळवदावर ज्वारी, कुरडया व पापड वाळत घालण्याचा आणि उन्हाळ्यात रात्री निजण्याचा हक्क घराचाच होता. बहुमजली इमारतीत त्यासाठी सोसायटीची परवानगी लागते. लिफ्टची देखभाल, जनरेटरचे डिझेल व टँकरचा खर्च मासिक वर्गणीतून भागवला जातो, आणि टँकरचा खर्च माणशी वाटायचा की फ्लॅटमागे, यावर सभांमध्ये सर्वाधिक वाद होतात.