दारछत, उष्णतारोधक भिंतीवरील

दारछत, उष्णतारोधक भिंतीवरील : घराच्या मुख्य दारावर पाऊस व बर्फ अडवण्यासाठी भिंतीबाहेर काढलेले लहान छत. जर्मनीत त्याला ‘फोरडाख’ म्हणतात. आपल्याकडे हे काम छज्जा करतो. तो लिंटेलबरोबरच (दारावरच्या आडव्या तुळईबरोबरच) ओतला जातो, त्यामुळे टांगण्याचा प्रश्न येत नाही. थंड देशात मात्र असा सलग स्लॅब घरातली ऊब बाहेर नेत राहतो. म्हणून तिथे छत बहुधा वेगळे घेऊन नंतर बसवतात.

अडचण भिंतीच्या बाहेरच्या उष्णतारोधक थराची असते. बर्लिनमध्ये १९५७ साली भिंतीवर थर्माकोल चिकटवून वर गिलावा करण्याची पद्धत सुरू झाली. आज हा थर सहसा १० ते २० सेंमी. जाड असतो, काही ठिकाणी थर्माकोलऐवजी खनिज लोकर वापरतात. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते, पण गिलाव्यामागचा हा मऊ थर छताचे वजन पेलू शकत नाही. वजन आतल्या विटांवर किंवा काँक्रीटवरच जायला हवे. साधा बोल्ट लांब घेतला म्हणजे झाले, हा समज घातक आहे. १६ सेंमी. मऊ थरातून आलेली सळई भाराखाली वाकते, छताची भिंतीला टेकणारी पट्टी थरात रुतते आणि गिलावा तडकतो.

भाराचा अंदाज आधी घ्यावा. दीड मीटर रुंद व एक मीटर खोल छताला दोन ६ मिमी. काचांचा जोड लावला, तर नुसती काच सुमारे ४५ किलो भरते. बर्फभारानुसार जर्मनीचे विभाग पाडलेले आहेत; त्यांतल्या दुसऱ्या विभागात जमिनीवरील बर्फभार किमान ०.८५ किलोन्यूटन प्रति चौ.मी. धरतात, त्या हिशेबाने एवढ्या क्षेत्रावर सुमारे १३० किलो होतात. वरच्या उतरत्या छपरावरून घसरणारा बर्फ आणि छत खालून उचलणारा वारा यांचा विचार वेगळा करावा लागतो. काच घ्यायचीच तर मध्ये चिकट पडदा असलेली जोडकाचच घ्यावी, कारण ती फुटली तरी तुकडे डोक्यावर पडत नाहीत. छत दारापेक्षा दोन्ही बाजूंना थोडे रुंद असावे, आणि पाणी दारासमोर पडणार नाही असा उतार द्यावा.

बसवण्याचा भरवशाचा मार्ग असा : थरातून छिद्र पाडून आतल्या भिंतीत आट्यांची सळई रेझिनने (चिकटून कडक होणाऱ्या रसायनाने) घट्ट करतात. विटा पोकळ असतील, तर रेझिन पोकळीत वाहून जाऊ नये म्हणून आधी जाळीची नळी घालतात. पट्टीमागे थरात कठीण फोमचा ठोकळा बसवला, तर दाब तो घेतो. पोलादाची उष्णतावाहकता सुमारे ५० वॅट प्रति मीटर-केल्विन, तर थर्माकोलची ०.०३५च्या आसपास. प्रत्येक सळई थंडीला आत यायची वाट करून देते, म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा खंड असलेले अँकर (भिंतीत रोवायच्या सळया) निवडावेत. शेवटी सांध्यात फुगणारी सीलपट्टी भरतात. हे काम हलगर्जीपणे केले, तर गिलाव्यामागे पाणी शिरते आणि ते लवकर कळतही नाही.

नव्या घरात छताची जागा थर चढवण्यापूर्वीच ठरवणे केव्हाही सोयीचे. जुन्या घरात आतली भिंत कच्ची निघाली, तर खांबांवरचे छत बरे. त्याचा पाया जमीन गोठते त्या खोलीच्या खाली, जर्मनीत साधारण ८० सेंमी.पर्यंत, न्यावा लागतो.