कोलेस्टेरॉल, स्टॅटिन आणि सीओपीडी : जनुकीय संबंध

रक्तातील कोलेस्टेरॉल व दीर्घकालीन श्वासमार्गरोध (सीओपीडी) यांच्यात कार्यकारणभाव आहे की नुसती सोबत, हे जन्मजात जनुकभेदांवरून तपासता येते. या पद्धतीला मेंडेलीय यादृच्छिकीकरण म्हणतात.

साध्या निरीक्षणावर येथे भिस्त ठेवता येत नाही. सीओपीडीचा रुग्ण बहुधा धूम्रपान करणारा किंवा वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात वावरलेला असतो. आजार बळावला की वजन उतरते, त्याबरोबर कोलेस्टेरॉलही. म्हणजे कारण समजले ते परिणाम निघण्याची शक्यता. जनुकांची वाटणी मात्र गर्भधारणेच्या वेळीच होते, नंतरचा आजार ती बदलत नाही.

कोलेस्टेरॉल घटवणारी औषधे वेगवेगळ्या जनुकांच्या प्रथिनांवर काम करतात. स्टॅटिन एचएमजीसीआर जनुकाचे विकर रोखते, एझेटिमाइब आतड्यातील एनपीसी१एल१ हे प्रथिन, तर अलिरोक्युमॅब व इव्होलोक्युमॅब पीसीएसके९. या जनुकांतील काही भेद एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) जन्मभर कमी ठेवतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत २.६ टक्के कृष्णवर्णीय सहभागींत पीसीएसके९ निकामी करणारे भेद सापडले. त्यांचे एलडीएल २८ टक्क्यांनी आणि हृदयधमनीविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी होता. औषध बाजारात येण्याच्या कितीतरी आधी निसर्गाने केलेली ही चाचणीच.

फुप्फुसासाठी हाच प्रयोग करताना जनुकाच्या दोन्ही बाजूंच्या साधारण १०० किलोबेस (एक लाख डीएनए-अक्षरे) पट्ट्यातून एलडीएलशी पक्के जोडलेले (पी-मूल्य, म्हणजे संबंध नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल दिसण्याची शक्यता, ०.०००००००५ हून कमी) भेद घेतात. एकत्र वारशात येणाऱ्या भेदांपैकी एकच ठेवतात. एफ-मूल्य (भेदाचा एलडीएलशी संबंध किती बळकट, याचे माप) १० च्या खाली असलेला भेद दुबळा. मग सीओपीडीवरील परिणामाला एलडीएलवरील परिणामाने भागतात. समजा, भेदाने एलडीएल ०.१ प्रमाण विचलनाने (लोकांतील फरकाच्या मापाने) आणि सीओपीडीचे लॉग-शक्यता मूल्य (आजाराच्या शक्यतेचे लॉगरिदमी माप) ०.०२ ने घटले, तर उत्तर ०.२. एलडीएल आणि सीओपीडी यांच्या दोन्ही सारण्यांत परिणाम एकाच अलीलसाठी (भेदाच्या एकाच रूपासाठी) मोजलेला हवा. ए-टी आणि जी-सी जोड्यांत डीएनएचा धागा उलटा धरला, तर चिन्हच फिरते आणि तारक भेद मारक ठरतो. म्हणून तेच भेद आधी हृदयधमनीविकारावर चालवून पाहावेत; तिथे अपेक्षित घट दिसली नाही, तर पुढचे गणित करण्यात अर्थ नाही.

खरी गफलत अर्थ लावताना होते. एचएमजीसीआरचा निकाल म्हणजे कोलेस्टेरॉलचा निकाल नव्हे. या जनुकातील एलडीएल घटवणारे भेद वजन आणि मधुमेहाचा धोका किंचित वाढवतात, आणि वजनाचा श्वसनक्षमतेशी संबंध असतोच. तिन्ही जनुके एकाच दिशेने बोलली, तर कोलेस्टेरॉलवर बोट ठेवता येते. एकच जनुक बोलले, तर त्या जनुकाची आडवाट, म्हणजे कोलेस्टेरॉलखेरीज दुसरा मार्ग, शोधावी. शिवाय वायुकोशांना मिटू न देणाऱ्या पृष्ठसक्रियकात सुमारे ९० टक्के मेद असतो, त्यात कोलेस्टेरॉलही. रक्तातील एलडीएलवरून तिथला हिशेब कळेलच असे नाही. उपलब्ध जनुकीय विदाही बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांची आहे.

प्रत्यक्ष चाचणीत स्टॅटिनने निराशाच केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅटकोप चाचणीत ८८५ सीओपीडी रुग्णांना रोज ४० मिग्रॅ. सिम्व्हास्टॅटिन किंवा निष्क्रिय गोळी दिली; आजार उफाळण्याचे प्रमाण वर्षाला माणशी १.३६ आणि १.३९, म्हणजे जवळपास सारखेच. मात्र ज्यांना हृदयविकारासाठी किंवा मधुमेहामुळे स्टॅटिन लागतेच, त्यांना या चाचणीत घेतलेले नव्हते. अशा रुग्णाने दमा-खोकल्याला उपयोग नाही म्हणून गोळी सोडावी, असा अर्थ यातून निघत नाही.