घरी रुसते, शाळेत नाही

ठाण्यात नौपाड्यात राहणारी माझी भाची पावणेचार वर्षांची आहे. पोळीचा तुकडा मोडून दिला की रुसते आणि पडद्यामागे जाऊन बसते. तिच्या बालवर्गाच्या बाई मात्र सांगतात, ‘अगदी शांत आहे हो, कशाचा हट्ट नाही.’ ताईला वाटलं, बाई दुसऱ्याच कुणा मुलीबद्दल बोलतायत. त्यावर आई म्हणाली, “तिथे समजूत काढायला कोण बसलंय? रुसणार कुणावर?”

लहान मुलाच्या भावना आणि वागणं मोजायचं तर विचारायचं कुणाला, हा बालमानसशास्त्रातला एक जुना पेच आईच्या या बोलण्यात नेमका आला आहे.

एवढ्या लहान मुलाला ‘गेल्या सहा महिन्यांत किती वेळा उदास वाटलं?’ असं विचारून काही हाती लागत नाही. त्याच्या लेखी होऊन गेलेलं सगळं ‘काल’च असतं. म्हणून संशोधक मोठ्यांना विचारतात. अमेरिकेतल्या थॉमस आकेनबाख यांच्या सूचीत दीड ते पाच वर्षांच्या मुलांबद्दलची विधानं असतात आणि प्रत्येकापुढे ०, १ किंवा २ लिहायचं असतं: लागू नाही, थोडंफार, अगदी लागू. ब्रिटनच्या रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली मांडलेली प्रश्नावली २५ विधानांची आहे. मूल खाऊ-खेळणी वाटून घेतं का, हेही ती विचारते. नुसत्या तक्रारी मोजत नाही, म्हणून मला ती जास्त आवडते.

पण उत्तरं जुळतात का? १९८७ साली आकेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास एकत्र तपासले. उत्तरं तंतोतंत जुळली तर सहसंबंध १ येतो, काहीच मेळ नसेल तर ०. आई आणि वडील यांच्यासारख्या, मुलाला एकाच ठिकाणी पाहणाऱ्यांचा सहसंबंध सरासरी ०.६० निघाला. पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांतल्या माणसांचा फक्त ०.२८.

याला नुसती चूक म्हणून सोडून देता येत नाही. मूल घरी एक आणि शाळेत एक वागत असेल, तर दोन्ही उत्तरं खरी असतात. कुठे, कुणासमोर काय बदलतं, हे त्या तफावतीतूनच कळतं. त्यात भाषेचीही भर पडते. हट्ट, थयथयाट आणि रुसवा आपण वेगळे ओळखतो. परक्या भाषेतला रागाबद्दलचा प्रश्न मराठीत आणताना यांतला कुठला शब्द घेतला, त्यावर आईचं उत्तर ०ऐवजी २ होऊ शकतं.

मुलालाच विचारायची एक सुंदर रीत अमेरिकेत बर्कलीला तयार झाली. कुत्र्याच्या पिल्लांच्या दोन हातबाहुल्या मुलाशी गप्पा मारतात. एक म्हणते, मला खूप मित्र आहेत. दुसरी म्हणते, मला फारसे नाहीत. आणि तुझं कसं? दोन्ही उत्तरं आधीच कुणीतरी देऊन टाकलेली असतात, त्यामुळे मुलाला कुठलंच उत्तर चुकीचं वाटत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पाहत राहणं. एका प्रयोगात आवडतं खेळणं पारदर्शक खोक्यात ठेवून कुलूप लावतात आणि मुलाच्या हातात न लागणाऱ्या किल्ल्या देतात. थोड्या वेळाने ‘अरे, किल्ल्या चुकल्याच’ म्हणत खरी किल्ली देतात. मधल्या मिनिटांचं चित्रीकरण होतं. मग त्याचे काही सेकंदांचे तुकडे पाडून निरीक्षक भुवया, ओठ, आवाज, अंगाचा ताठरपणा टिपतात. निरीक्षक दोन असतात आणि ते एकमेकांच्या नोंदी बघत नाहीत. डोळे मिटून खुणा केल्या तरी काही जुळतीलच. हा योगायोगाचा वाटा वजा करून खरी सहमती काढायची रीत जेकब कोहेन यांनी १९६० साली दिली. तिला ‘कापा’ म्हणतात.

गेल्या रविवारी तलावपाळीवर फुगा न मिळाल्याने भाची पाठ फिरवून उभी राहिली. ती कितीदा मागे वळून बघते, हे ताईने आणि मी मनातल्या मनात मोजलं. ताईचे चार झाले, माझे सात. नुसती मान हलली तर धरायचं की नजर आमच्यापर्यंत पोचली तरच, हे आम्ही आधी ठरवलं नव्हतं. संशोधनात ही व्याख्या आधी लिहून काढतात आणि दोन्ही निरीक्षकांचं पुरेसं जुळेपर्यंत सराव चालू ठेवतात.