शिवण, कर्तन आणि बेतणे : शालेय वयातील शिवणशिक्षणाची पार्श्वभूमी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत शाळकरी मुलामुलींना शिवणाची पहिली ओळख करून देताना निवडली जाणारी वस्तू जवळजवळ ठरलेली असते : नाडीचा बटवा, दोन बंदांची पिशवी किंवा उशीचा अभ्रा. या तिन्ही वस्तूंत सरळ शिवणी असतात, गोलाई नसते, कुणाच्या अंगाचे माप घ्यावे लागत नाही आणि चूक झाली तरी वस्तू वापरता येते. ही निवड सोयीची वाटते, पण तिच्यामागे दीडशे वर्षांचा एक न मिटलेला प्रश्न आहे. नवशिक्या मुलाला टाके शिकवायचे, वस्तू करायला शिकवायचे, की व्यवसाय शिकवायचा? प्रत्येक काळाने याचे उत्तर वेगळे दिले आणि त्या उत्तरांची सरमिसळ आजच्या वर्गांत दिसते.

शाळेत शिवण येण्याआधी ते घरात होते. कृष्णाकाठी काय किंवा माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात काय, जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरून उन्हाळ्याच्या दिवसांत वाकळ शिवली जाई. (पुण्याकडे तिला गोधडी म्हणतात; आपल्याकडे वाकळच.) तिच्यात आरंभापासून शेवटापर्यंत एकच टाका असतो, तो म्हणजे धावदोरा, आणि शिवणाच्या प्रत्येक पुस्तकातला पहिला टाकाही तोच. मुलगी आईच्या शेजारी बसून वाकळीची एक कड धरी, तेव्हा दोरा हातभरच घ्यावा, टाका समान पडावा आणि कापड चुणू नये, हे तीन धडे तिला कुणी न सांगता मिळत.

घराबाहेरचे शिवण शिंप्याकडे होते आणि तिथे कामाची विभागणी स्पष्ट होती. कापडावर खडूने रेघ ओढून कात्री चालवणे हे दुकानातील कर्त्या पुरुषाचे काम; हेम घालणे (कापडाची कड दुमडून शिवणे), काजे करणे, गुंड्या लावणे ही कामे घरातल्या बायकांकडे आणि शिकाऊ पोरांकडे जात. नवा पोरगा कात्रीला हात लावण्याआधी वर्ष-वर्ष काजेच करी. ही विभागणी पुढच्या साऱ्या इतिहासाच्या तळाशी असल्यामुळे तिच्याकडे पुन्हा यावे लागेल.

शाळेतील शिवण आले ते मुलींच्या शाळांतून आणि आले ते विलायती वळणाचे. इंग्लंडमध्ये १८६२ च्या अनुदानविषयक संहितेने प्राथमिक शाळांतील मुलींना साधे शिवणकाम आवश्यक केले होते. आपल्याकडे १८८२ साली नेमलेल्या शिक्षण आयोगाने मुलींचे प्राथमिक शिक्षण मुलांच्या मानाने सोपे असावे आणि घरगुती जीवनाच्या गरजा लक्षात घेऊन आखावे, अशी शिफारस केली. मुलींच्या तासांच्या तक्त्यात शिवण बसले आणि मुलांच्या तक्त्यात बसले नाही, त्याचे मूळ या विचारात आहे. त्या तासात टाके, हेम, रफू आणि ठिगळ एवढेच शिकवले जाई. म्हणजे बाजारात शिंपी पुरुष, शाळेत शिवण मुलींचे, आणि मुलींच्या वाट्याला शिंप्याच्या दुकानातील दुय्यम काम, अशी विचित्र रचना तयार झाली.

इथे शब्दाचा प्रश्न येतो आणि तो नीट पाहिल्याशिवाय पुढचे निर्णय कळत नाहीत. मराठीत शिंप्याच्या मूळ कौशल्याला ‘बेतणे’ म्हणतात. कापड बेतणे म्हणजे केवळ कापणे नव्हे. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, किती, उभा धागा कुठल्या दिशेला आहे, नक्षी उलटी पडणार का, शिवणीला किती सोडायचे आणि उरलेल्या तुकड्यातून काय निघेल, याचा हिशेब आधी डोक्यात मांडून मग कात्री चालवणे म्हणजे बेतणे. मनात योजना करतो तो ‘बेत’ आणि कापडावर करतो ते ‘बेतणे’, हे नाते मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. शिवणे हे त्यानंतरचे काम आहे.

सरकारी अभ्यासक्रमांनी मात्र हा शब्द घेतला नाही. त्यांनी ‘शिवण व कर्तन’ असा जोडशब्द रूढ केला आणि पंचायत समितीच्या प्रशिक्षणांच्या जाहिरातींत तो ‘शिवणकर्तन’ म्हणून आजही छापला जातो. या जोडशब्दात क्रमच उलटा आहे : आधी शिवण, नंतर कर्तन. शिवाय ‘कर्तन’ म्हणजे नुसते कापणे. त्यात योजनेचा अंश उरत नाही. गुंता एवढ्यावर थांबत नाही. संस्कृतात कर्तन या शब्दाला कापणे आणि सूत कातणे असे दोन्ही अर्थ आहेत, त्यामुळे सूतकताईच्या दिवसांतील कागदपत्रांत हा शब्द कुठल्या अर्थाने आला आहे, हे वाक्य पाहूनच ठरवावे लागते. बेतणे हा शब्द वगळला जाणे ही केवळ भाषेची बाब नव्हती, असे माझे मत आहे. ज्या कृतीला तक्त्यात नाव नाही, तिला तास मिळत नाही आणि गुणही मिळत नाहीत. टाके मोजता येतात, टीप सरळ आहे की नाही हे पट्टी लावून पाहता येते. मुलीने कापड वाया न घालवता बेतले का, हे तपासायला तिच्या हाती न कापलेले कापड आणि कात्री द्यावी लागते. शाळांनी ती जोखीम क्वचितच घेतली. आधीच कापलेले तुकडे मुलींच्या हाती देऊन शिवून घेणे हाच रिवाज झाला आणि शिंप्याच्या दुकानातील जुनी विभागणी शाळेत जशीच्या तशी उतरली.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेने हाताच्या कामाला शिक्षणाच्या मध्यभागी आणले. मूलोद्योगाच्या, म्हणजे एखाद्या हस्तोद्योगाच्या, आधाराने सर्व विषय शिकवावेत आणि या पद्धतीतून हळूहळू शिक्षकांच्या वेतनाचा खर्च निघावा, असे तिचे ठराव होते. दुसऱ्या ठरावावर तेव्हाच वाद झाला, कारण मुलांच्या श्रमातून पगार काढायचा तर शाळेचा कारखाना होईल, ही भीती अनेकांना वाटली. आपल्या भागातील कित्येक जुन्या प्राथमिक शाळांच्या दारावर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ हे नाव अजून आहे, ते त्या विचाराची खूण म्हणून. त्या काळी शिकलेले लोक सूत कातण्याची टकळी आणि कापसाचे पेळू यांच्या आठवणी सांगतात. शिवणाच्या दृष्टीने मात्र ही योजना अर्ध्या वाटेवर थांबली. मुलांनी सूत कातले, काही ठिकाणी विणले, पण त्या कापडाचे वस्त्र करण्याची पायरी मूलोद्योगाच्या केंद्रस्थानी आली नाही. सुई-दोरा पुन्हा मुलींच्या गृहशास्त्राकडेच राहिला.

खरा बदल झाला तो १९६० नंतर, म्हणजे दक्षिण सातारा या नावाने १९४९ साली वेगळा झालेला जिल्हा सांगली म्हणून ओळखला जाऊ लागल्यावर. मुलामुलींच्या अभ्यासक्रमांतील भेद तपासणाऱ्या राष्ट्रीय समितीने १९६४ साली असे भेद नकोत, असे स्पष्ट म्हटले. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या शिक्षण आयोगाने ‘कार्यानुभव’ ही संकल्पना मांडली. १९७७ च्या आढावा समितीने तिला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे नवे नाव दिले आणि १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने पुन्हा कार्यानुभव हेच नाव वापरले. महाराष्ट्राच्या शाळांत रुळला तो कार्यानुभवच.

नावांच्या या फेऱ्यात ‘उत्पादक’ या शब्दाने बरीच उलथापालथ केली. काम हेतुपूर्ण असावे आणि त्यातून समाजाला उपयोगी वस्तू किंवा सेवा निर्माण व्हावी, एवढाच समितीचा आशय होता. शाळेत त्याचा अर्थ ‘दाखवता येईल अशी वस्तू’ असा झाला. वर्षाअखेरीच्या प्रदर्शनासाठी टेबलावर मांडलेली बाहुलीची झबली, भरतकामाचे रुमाल आणि लोकरीची तोरणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यांतले बरेचसे काम घरी आईने किंवा मोठ्या बहिणीने केलेले असे. विषयाला श्रेणी होती, ती सर्वांना साधारण सारखीच मिळे, आणि दहावीचे वर्ष आले की कार्यानुभवाचा तास गणिताकडे जाई. या अवस्थेला शिक्षकांना जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, वर्गात पन्नास मुले, कात्र्या दोन आणि मशिन असलेच तर एक, अशा स्थितीत प्रत्येक मुलाने कापड बेतावे, ही अपेक्षाच अवघड होती.

याच वर्षांत शाळेबाहेर शिवण-क्लास वाढले. शिलाई मशिन १८५० च्या दशकात अमेरिकेत व्यापारी स्वरूपात आले आणि १९३० च्या दशकात कलकत्त्यात देशी मशिने तयार होऊ लागली; पुढे लग्नाच्या रुखवतात मशिन ठेवण्याची पद्धत मध्यम घरांपर्यंत पोहोचली. क्लासचा क्रम आजही ओळखीचा आहे. आधी दोरा न ओवता रेघांच्या कागदावर पायडल मारायचे, मग झबले, टोपडे, चड्डी, परकर, शेवटी ब्लाऊज. सोबत एक फाइल करायची, तिच्यात प्रत्येक कपड्याचा छोट्या मापाचा कागदी आणि कापडी नमुना चिकटवायचा. या फाइलींवर टीका पुष्कळ झाली आहे आणि ती रास्त आहे, कारण नमुना कुणी घालत नाही. तरीही एक गोष्ट क्लासने राखली, जी शाळेने सोडली होती : तिथे बेतायला शिकवले जाई. छातीचा चौथा भाग, गळ्यासाठी छातीचा बारावा भाग, मुंढ्याची खोली, ही आकडेमोड चौथी-सातवी झालेल्या मुली तोंडी करीत, आणि शाळेत अपूर्णांकांना घाबरलेल्या मुलीला ते इथे समजत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील ‘कटिंग अँड स्यूइंग’ या अभ्यासक्रमात कापणे निदान नावात पहिले होते. नंतर त्याचे नाव ‘स्यूइंग टेक्नॉलॉजी’ झाले आणि कापणे नावातूनही गेले.

सोप्या वस्तूपासून सुरुवात करण्याचा विचार या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिनलंड आणि स्वीडनमध्ये हस्तकामाच्या शिक्षणाची जी पद्धत उभी राहिली, तिचा आग्रह होता की मुलाने पहिल्या दिवसापासून वापरात येणारी वस्तू करावी आणि वस्तूंचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे जावा. तुकड्यावर टाके घोटण्याला हा पर्याय होता. आपल्याकडे तो सिद्धांत म्हणून नव्हे, तर गरज म्हणून आला. मांजरपाटाचा एक मीटर घ्या, पन्हा छत्तीस इंच. बारा इंच रुंद आणि चौदा इंच उंच पिशवी करायची तर तळाला घडी ठेवून एकच लांब तुकडा लागतो : रुंदी बारा अधिक दोन्ही बाजूंच्या शिवणीसाठी एक, म्हणजे तेरा इंच, लांबी अठ्ठावीस अधिक वरच्या दोन दुमडींसाठी तीन, म्हणजे एकतीस इंच. पन्ह्यात असे दोन तुकडे शेजारी बसतात आणि दहा इंचांची पट्टी उरते, तिच्यातून दोन्ही पिशव्यांचे बंद निघतात. हे गणित मुलाने वर्तमानपत्राच्या कागदावर आधी मांडले, तर एक तास जातो आणि कापड वाचते. शिक्षकाने तुकडे कापूनच दिले, तर पिशवी त्याच दिवशी होते, पण मुलाने केली ती फक्त शिवण.

२००९ पासूनच्या वर्षांत घटना दाटीने आल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असलेल्या शाळांना कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांची, म्हणजे अर्धवेळ शिक्षकांची, तरतूद केली. लहान गावांतील, विशेषतः पाटण-जावळीच्या डोंगरातील शाळा पटसंख्येमुळेच या तरतुदीबाहेर राहिल्या. २०१८ च्या जूनमध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवरील बंदीची अंमलबजावणी सुरू झाली आणि कापडी पिशवी एकाएकी महत्त्वाची वस्तू ठरली. २०२० साली घरोघरी मुखपट्ट्या शिवल्या गेल्या, तेव्हा मशिन पडवीतून पुन्हा ओटीवर आले आणि कित्येक मुलांनी आईच्या हाताखाली नेफ्यात नाडी ओवण्याचे काम केले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस आणि स्थानिक कारागिरांकडून हाताचे काम शिकण्याची शिफारस केली. गावातील शिंप्याला शाळेत बोलावण्याची मुभा त्यामुळे कागदावर आली, आणि मुलगे-मुली एकत्र बसून हे काम शिकतील, हेही त्यात गृहीत आहे.

सर्वांत वादग्रस्त ठरला तो २०२४-२५ चा गणवेशाचा निर्णय. राज्यातील शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांचे गणवेश एकाच पद्धतीने पुरवायचे ठरले : कापड मध्यवर्ती पातळीवर मापाने कापून द्यायचे आणि महिला बचत गटांनी ते फक्त शिवायचे. बायकांना गावात काम मिळावे हा हेतू चांगला होता. प्रत्यक्षात गणवेश उशिरा आले, कित्येक मुलांना ते मापात बसले नाहीत, आणि डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुढील वर्षापासून पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. चर्चा पुरवठ्याच्या विलंबाची झाली, पण माझ्या दृष्टीने अडचणीचे मूळ बेतणे आणि शिवणे वेगळे करण्यात होते. समोर उभ्या असलेल्या मुलाचे माप घेऊन कापड बेतणारी बाई चूक तिथेच सुधारू शकते; कापून आलेल्या तुकड्यांना टीप मारणाऱ्या बाईला तो अधिकारच नव्हता.

२०२५-२६ पासून समित्या पुन्हा गावातच गणवेश शिवून घेत असतील, तर सातवी-आठवीच्या मुलांना त्या मापे घेण्याच्या दिवशी टेप आणि वही घेऊन सोबत बसवता येईल. छाती, कंबर, बाही आणि उंची अशी चार मापे, वर्गातील चाळीस मुलांची, एका दुपारी लिहून होतात.