‘ड’ आणि ‘क’ : जीवनसत्त्वांच्या अतिसेवनाने मूत्रपिंडाला होणाऱ्या दोन निराळ्या इजा

गोळ्या भरमसाट घेतल्यानंतर रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) वाढले, की ‘व्हिटॅमिनने किडनी बिघडली’ असे सरसकट म्हटले जाते; पण ‘ड’ जीवनसत्त्वाची इजा आणि ‘क’ जीवनसत्त्वाची इजा यांची वाट वेगळी आहे आणि बरे होण्याची रीतही वेगळी आहे.

‘ड’ मेदात विरघळते व शरीरात साठून राहते. ते फार वाढले, की आतड्यातून आणि हाडांतूनही जास्तीचे कॅल्शियम रक्तात उतरते. हे कॅल्शियम मूत्रपिंडातील रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि लघवीतले पाणी राखून ठेवण्याची क्षमता घटवते. परिणामी वारंवार लघवी आणि उलट्या होऊन शरीर कोरडे पडते व मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटतो. आठवड्यातून एकदा घ्यायची मोठ्या मात्रेची गोळी गैरसमजाने रोज घेणे, हे याचे परिचित कारण आहे.

‘क’ पाण्यात विरघळते, म्हणून जास्तीचे लघवीवाटे निघून जाते, असा दिलासा दिला जातो. तो अर्धाच खरा आहे, कारण धोका त्या निघून जाण्याच्या मार्गावरच असतो. त्याच्या काही भागाचे ऑक्झलेट हे क्षार बनवणारे द्रव्य बनते आणि ते कॅल्शियमशी संयोग पावून मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांत स्फटिकरूपाने साचते. रक्तातील कॅल्शियम वाढलेले नसल्यामुळे गोळ्यांचा संशय सहसा येत नाही आणि निदान बऱ्याचदा बायोप्सीत, म्हणजे मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत, होते. प्रौढाची रोजची गरज सुमारे 100 मिलिग्रॅमच्या आत असते, तर 2000 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा मानली जाते. मूत्रपिंड आधीच दुबळे असेल, तर त्याहून कमी मात्राही बाधू शकते.

‘ड’च्या बाबतीत गोळ्या बंद करून सलाईन दिल्यावर, आणि गरजेप्रमाणे स्टिरॉइड किंवा इतर औषधे दिल्यावर, कॅल्शियम उतरते आणि त्यापाठोपाठ क्रिएटिनिनही बहुधा उतरते. मात्र शरीरातील साठा संपायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात आणि तोवर कॅल्शियम पुन्हा चढू शकते; म्हणून बरे वाटले तरी तपासण्या थांबवू नयेत. ‘क’ काही दिवसांतच शरीरातून कमी होते, पण साचलेले स्फटिक आणि त्यांनी उठवलेला दाह तितक्या लवकर जात नाहीत. काही रुग्ण हळूहळू सुधारतात, तर काहींना कायम डायलिसिसवर राहावे लागते. कारण कोणतेही असो, मूत्रपिंडाचे कार्य 3 महिन्यांहून अधिक काळ घटलेलेच राहिले, तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार धरला जातो.