बदक अडणे

तयार झालेले अंडे मादी बदकाला वेळेत बाहेर टाकता न येणे, याला बदक अडणे म्हणतात. विताना म्हैस अडते, त्याच अर्थाने. अंडे अंडवाहिनीच्या शेवटाला अडकले की शौच तुंबते, पायांच्या नसांवर दाब येतो आणि मादी एक-दोन दिवसांत दगावू शकते.

एक अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. त्यांतले सुमारे २० तास एकट्या कवचाला जातात, आणि कवच जवळपास ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेटचे असते. आहारातून ते मिळाले नाही तर शरीर हाडे झिजवून कवच भरते. हा साठाही आटला की अंडे मऊ कवचाचे होते आणि ते बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंतला जोरही जातो, कारण स्नायू आवळायलाही कॅल्शियमच लागते. पहिलटकर, म्हातारी आणि चरबी चढलेली मादी अधिक अडते. अंडवाहिनीला संसर्ग झाला असेल किंवा अंडे फार मोठे असेल, तरीही हीच वेळ येते.

सोलापूर हा ज्वारीचा मुलूख. अंगणातल्या बदकाला उरलेली भाकरी, मूठभर ज्वारी आणि कौतुकाने टाकलेले शेंगदाणे, एवढाच खुराक असला तर दुखण्याची सुरुवात तिथेच होते. ज्वारीत कॅल्शियम अगदी थोडे असते आणि शेंगदाण्याने चरबी वाढते. बुरशी आलेली शेंग किंवा पेंड तर कधीच घालू नये. तिच्यातल्या अफ्लाटॉक्सिनला बदकाचे यकृत फार लवकर बळी पडते, आणि घरी भाजून किंवा उकळून हे विष पुरते जात नाही. भाकरी चघळण्यापुरती ठेवावी. पोट लेयर खाद्यावर, म्हणजे अंडी देणाऱ्या पक्ष्यांसाठीच्या तयार खाद्यावर भरावे.

दुसरे कारण ऊन. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४० अंशांपुढे जातो. बदकाला घाम येत नाही, ते चोच उघडून धापा टाकते. धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि कवचासाठी लागणारा कार्बोनेटचा पुरवठा घटतो. शिवाय उन्हाने खाणेही कमी होते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या वस्तीत बदकाचे पाण्याचे भांडे कोरडे पडते, त्याने भर पडते. साठवणीतले पाणी सावलीत, डोके बुडेल इतक्या खोल भांड्यात, दिवसातून दोनदा बदलून ठेवावे.

बदक बहुधा पहाटे अंडे घालते. सकाळी खुराड्यातले गवत रिकामे दिसले म्हणून लगेच घाबरू नये; पिसे झडताना अंडी थांबतात, आणि काही माद्या अंडी लपवतात. अडलेली मादी मात्र बघताच कळते. ती छाती वर काढून ताठ उभी राहते, प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली हलते. मध्येच फतकल मारून बसते, कुंथते, खाण्याकडे बघत नाही, चालताना लंगडते.

अशा वेळी घमेल्यात कोपराला सोसेल इतके कोमट पाणी घेऊन तिला २०-३० मिनिटे बसवावे. मग पुसून उबदार, अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे. पिण्याचे पाणी जवळ हवे. हातमोजा घालून गुदद्वाराच्या कडेला दवाखान्यात वापरतात तसली थोडी वंगण-जेली लावता येते. पोट दाबू नये आणि अंडे आत फोडू नये: कवचाचे तुकडे अंडवाहिनी कापतात आणि बलक पोटात उतरला तर जीवघेणी सूज येते. पानाचा चुना पाजणे हाही चुकीचा उपाय. त्याने घसा भाजतो. काही तासांत अंडे पडले नाही, किंवा मादी मान टाकू लागली, तर थांबू नये, पशुवैद्य गाठावा. क्ष-किरण तपासणीत अंडे कुठे आहे ते कळते. कॅल्शियमचे इंजेक्शन देतात, गरज पडल्यास सुईने अंड्यातला द्रव काढून ते लहान करतात. गुदद्वारातून लालसर मांस बाहेर आले असेल तर ते स्वच्छ मीठपाण्याने धुऊन ओले ठेवावे, नराला वेगळे करावे आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. औषधे चालू असताना अंडी खायची की नाहीत, हेही तिथेच विचारून घ्यावे.

पुढच्या खेपेसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवावा. मादी लागेल तेवढा स्वतः उचलते. सकाळचे कोवळे ऊन आणि चालायला मोकळे अंगण हवे, कारण ड जीवनसत्त्वाशिवाय खाल्लेले कॅल्शियम नीट अंगी लागत नाही. खाकी कॅम्पबेलसारखी जात वर्षाला ३०० च्या आसपास अंडी घालू शकते. घरी पाळलेल्या मादीकडून तेवढी काढण्याचे काही कारण नाही. हिवाळ्यात दिवस लहान झाला की अंडी आपोआप कमी होतात. तेव्हा खुराड्यात रात्रभर दिवा जळता ठेवू नये.