गिनी पिगच्या गळ्याखालची गाठ आणि घरातली अमोक्सिसिलिनची गोळी

परवा आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गोव्यातल्या फोंड्याहून एक फोटो आला, मुलीच्या मांडीवर तपकिरी-पांढरा गिनी पिग आणि त्याच्या हनुवटीखाली एका बाजूला चांगला दिसण्याइतका फुगवटा. खाली लगेच सल्ले सुरू झाले. एका काकूंचं म्हणणं, गाठ म्हणजे कॅन्सरच, आता काही उपयोग नाही. एका मामांनी लिहिलं की काही होत नाही, घरात अमोक्सिसिलिन असेलच, पाव गोळी कुटून पाण्यातून पाजा, आम्ही कुत्र्याला तेच दिलं होतं. पहिला सल्ला चुकीचा आहे, पण त्याने जनावर मरत नाही. दुसऱ्याने मरू शकतं, आणि ते का मरतं हे इतकं विलक्षण प्रकरण आहे की मी ग्रुपवर तेवढ्यापुरतं "देऊ नका" लिहून थांबलो आणि बाकीचं इथे लिहितोय.

आधी गाठीबद्दल. गिनी पिगच्या अंगावर गाठ लागली की ती कुठे आहे यावरून बराच अंदाज येतो. पाठीच्या खालच्या भागात, कमरेजवळ, कातडीला धरून असलेली टणक गाठ बहुतेक वेळा ट्रायकोफॉलिक्युलोमा निघते, म्हणजे केसांच्या मुळातून वाढलेली साधी, न पसरणारी गाठ, ती फुटली तर आतून राखाडी चिकट पदार्थ येतो. मऊ आणि कातडीखाली सरकणारी असेल तर चरबीची असू शकते. पोटाच्या मागच्या टोकाला स्तनाग्रांची एकच जोडी असते, तिथली गाठ मात्र गांभीर्याने घ्यायची, नर असला तरी, कारण गिनी पिगमध्ये स्तनाच्या गाठी नरांनाही होतात. दोन्ही जबड्यांखाली, काखेत, जांघेत एकदम गाठी लागल्या तर लिम्फोमाचा, म्हणजे रक्तपेशींच्या कॅन्सरचा संशय येतो. आणि शेपूट असायला हवी होती त्या जागी जो तेलकट चिकट उंचवटा लागतो तो आजारच नाही, तिथे ग्रंथी असते, नरांमध्ये जास्त ठळक. तेव्हा कॅन्सर असूच शकत नाही असं नाही, पण गाठ म्हणजे कॅन्सरच हेही खरं नाही.

फोटोतल्यासारखी हनुवटीखालची गाठ बऱ्याचदा गळू असतं. त्यामागचा नेहमीचा जंतू स्ट्रेप्टोकोकस झूएपिडेमिकस, जो पुष्कळ धडधाकट गिनी पिगच्या नाकात-घशात काहीही त्रास न देता राहत असतो. तोंडाच्या आत बारीक ओरखडा पडला की त्याला वाट मिळते. आपल्याकडे चांगलं वाळलं गवत महाग पडतं म्हणून लोक भाताचा पेंढा घालतात, त्यात एखाद-दुसरी लोंबी राहिली तर तिची कुसळं हिरडीत, गालाच्या आतल्या बाजूला टोचतात, आणि तिथून जंतू लसिकेबरोबर मानेतल्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे जंतू अडवणाऱ्या छोट्या गाठीत, जाऊन बसतात. शरीर त्यांच्यावर पांढऱ्या पेशी सोडतं, त्या मरतात, त्यांचा दाट पू होतो आणि त्या सगळ्याभोवती कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाच्या तंतूंची भिंत उभी राहते. बोटाने चाचपलं तर ही भिंतच लागते, गोल आणि घट्ट. भिंतीमुळे संसर्ग आत कोंडला जातो हे चांगलं, पण पुवाच्या मधोमध रक्तवाहिन्या नसल्याने औषधही तिथे नीट पोचत नाही. त्यामुळे नुसत्या गोळीने असलं गळू जाणं कठीणच, बहुतेकदा ते उघडून धुवावं लागतं किंवा भिंतीसकट काढावं लागतं.

म्हणजे मामांची गोळी गाठीपर्यंत धड पोचणार नाही. मग ती जाते कुठे, तर पोटात.

गिनी पिगचं पोट समजून घ्यायचं तर त्याचं सीकम बघायला हवं. लहान आतडं संपून मोठं सुरू होतं तिथली ही पातळ भिंतीची मोठी पिशवी, आपल्यात ती अगदीच छोटी असते, पण गिनी पिगमध्ये आतड्यातल्या एकूण ऐवजापैकी 65 टक्क्यांपर्यंत ऐवज एकट्या तिच्यात असू शकतो. गवतातला सेल्युलोज कुठलाच सस्तन प्राणी स्वतःच्या बळावर पचवत नाही, ते काम सीकममधले जीवाणू करतात, सेल्युलोज फोडून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी आम्लं बनवतात आणि ती आतड्यातून रक्तात जातात. आतड्याच्या पेशी स्वतः बऱ्याच अंशी ब्युटिरेटवर जगतात. यातले पुष्कळ जीवाणू ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे ज्यांच्या पेशीभोवती पेप्टिडोग्लायकनची जाड भिंत असते असे, आणि पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं, अमोक्सिसिलिन त्यातलंच, नेमकी तीच भिंत बांधू देत नाहीत. भिंतीच्या साखळ्या एकमेकींना जोडणारं एक एन्झाइम असतं, औषध त्याला कायमचं चिकटतं, जीवाणू वाढत राहतो, भिंत जोडली जात नाही, आणि आतल्या दाबाने तो फुटतो. अमोक्सिसिलिन पोटात गेलं की सगळं काही रक्तात शोषलं जात नाही, उरलेलं पुढे सीकमपर्यंत पोचतं आणि गवत पचवणारे जीवाणू मरायला लागतात.

आता यातली गोम बघा. पेनिसिलिन फक्त भिंत बांधत असलेल्या, वाढत असलेल्या जीवाणूला मारतं. क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसील नावाचा जीवाणू बीजाणूच्या रूपात झोपून राहू शकतो, त्या अवस्थेत तो काहीच बांधत नसतो, त्यामुळे औषधाला त्याच्यात धरायला काही सापडत नाही. एरवी त्याला उठून वाढायला ना जागा मिळते ना अन्न, कारण इतरांनी दोन्ही अडवलेलं असतं. ते मेले की रान मोकळं. तो जागा होतो, वाढतो आणि दोन विषं सोडतो, टॉक्सिन ए आणि टॉक्सिन बी.

ही विषं कशी काम करतात हे मला जीवशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात भयंकर गोष्टींपैकी एक वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. टॉक्सिनचा रेणू प्रचंड मोठा असतो. तो आतड्याच्या पेशीला बाहेरून चिकटतो, पेशी त्याला एका बुडबुड्यात गुंडाळून आत घेते, तो बुडबुडा आम्लधर्मी होतो आणि त्या आम्लामुळेच टॉक्सिनचा आकार बदलून त्याचा एक भाग बुडबुड्याच्या पडद्यात छिद्र पाडतो. त्या छिद्रातून त्याचा एन्झाइमचा तुकडा पेशीद्रवात सरकतो, तिथे पेशीतलाच एक छोटा रेणू, इनोसिटॉल हेक्साकिसफॉस्फेट, त्याला चिकटतो, तो चिकटला की टॉक्सिन स्वतःच स्वतःला कापतं आणि तो तुकडा मोकळा सुटतो. मग तो पेशीतली रो नावाची प्रथिनं गाठतो आणि त्यांच्यावर ग्लुकोजचा एक रेणू चिकटवतो, तोही ठरलेल्या जागी, रो प्रथिनाच्या साखळीतल्या 37 क्रमांकाच्या अमिनो आम्लावर, थ्रिओनिनवर. बस, एवढंच, एक ग्लुकोज. पण रो प्रथिनांचं काम पेशीला आकार देणाऱ्या ॲक्टिनच्या तंतूंना ताणून, बांधून ठेवायचं असतं, आणि ग्लुकोज चिकटलं की ते काम बंद पडतं. चवथीला आपण गणपतीवर माटोळी बांधतो ना, ती लाकडी चौकट आणि तिच्यावरची फळं-फांद्या सगळं दोऱ्यांवर तोललेलं असतं, कोणी आतून दोऱ्याच सोडत गेला तर काय होईल, तेच पेशीचं होतं. पेशी गोळा होते, शेजारच्या पेशीला धरलेली पकड सुटते, मधल्या फटींतून पाणी आणि रक्त सीकममध्ये झिरपतं, आणि आतला विषारी माल उलट शरीरात जातो.

बाहेरून आपल्याला दिसतं ते असं, औषध सुरू केल्यावर एक ते पाच दिवसांत जनावर खाणं सोडतं, केस विस्कटून कोपऱ्यात बसतं, अंग गार लागतं. जुलाब होतात, कधी तेही होत नाहीत आणि सकाळी पिंजऱ्यात मेलेलंच सापडतं. मग घरचे समजतात की गाठ पोटात उतरली. अमोक्सिसिलिन एकटंच असं नाही, तोंडावाटे दिलेलं ॲम्पिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन हे सगळे त्याच यादीत येतात.

यात इतिहासाचाही एक धागा आहे. 25 मे 1940 ला ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिनवर काम करणारे शास्त्रज्ञ फ्लोरी यांच्या प्रयोगशाळेत आठ उंदरांना स्ट्रेप्टोकोकसची जीवघेणी मात्रा टोचली, त्यातल्या चौघांना पेनिसिलिन दिलं, औषध न मिळालेले चार रात्रीतच मेले आणि औषध मिळालेले सकाळी जिवंत होते. 1943 मध्ये अमेरिकेत दिसून आलं की उंदरांना सहज सोसणारं पेनिसिलिन गिनी पिगना मात्र मारतं. पहिला प्रयोग गिनी पिगवर झाला असता तर हे औषध विषारी म्हणून बाजूला पडलं असतं की काय, असा प्रश्न शास्त्रज्ञांनी तेव्हापासून विचारलेला आहे. आणि डिफिसील माणसालाही सोडत नाही, अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या गंभीर कोलायटिसमागे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेमागे, हाच जीवाणू आहे हे 1978 मध्ये कळलं.

ग्रुपवर आणखी एक सल्ला आलाच, दृष्ट काढा, नारळ ओवाळून टाका, गावात घाडी, म्हणजे देवाला कौल लावणारा, असेल तर विचारून घ्या. दृष्ट लागून गाठ येत नाही, स्ट्रेप्टोकोकस लागून येते, आणि नारळ ओवाळण्यात गेलेले दोन दिवस त्या जीवाला महागात पडतात. चुना-हळदीचा लेप तर मुळीच लावू नका, चुन्याने पातळ कातडी भाजते आणि गिनी पिग तो चाटून पोटात घेतो. हळद कॅन्सर मारते हे फॉरवर्डही थांबवा, काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी हळदीतल्या कर्क्युमिनने मेल्या म्हणून जिवंत प्राण्यातली गाठ विरघळत नाही, ते आतड्यातून नीट शोषलंच जात नाही. गाठ पिळून फोडायची तर नाहीच, पिळल्याने जंतू भिंत फोडून आसपास आणि रक्तात जातात.

मग करायचं काय, तर गाठीत सुई. डॉक्टर बारीक सुईने गाठीतून थोडा ऐवज ओढतात, काचपट्टीवर पसरतात, रंगवतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. पू असेल तर ग्रॅमच्या रंगात फुटक्या पांढऱ्या पेशींच्या गर्दीत जांभळ्या ठिपक्यांच्या छोट्या-मोठ्या माळा दिसतात, तोच आपला स्ट्रेप्टोकोकस. नुसती चरबी दिसली तर प्रश्न हलका झाला, सगळ्या एकाच साच्यातल्या लिम्फोसाइट्स, म्हणजे लिम्फोमात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, दिसल्या तर जड. पू कल्चरला लावला, म्हणजे त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघितले, की दोन-तीन दिवसांत कुठलं औषध लागू पडेल ते कळतं. गिनी पिगला सोसणारी औषधं आहेत, ट्रायमेथोप्रिम-सल्फा आणि एन्रोफ्लॉक्सासिन त्यांत येतात, पण निवड आणि मात्रा वजनावरून डॉक्टरने ठरवायची. गोव्यात गुरांचे आणि कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर सहज मिळतात, गिनी पिग हाताळलेले शोधावे लागतात, म्हणून आधी फोन करून सरळ विचारा की तुम्ही गिनी पिग बघता का, आणि चिठ्ठीवरच्या औषधाचं मूळ नाव विचारायला लाजू नका.

ऑपरेशन ठरलं तर एक लक्षात ठेवा. कुत्र्या-मांजराला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात तसं गिनी पिगला ठेवायचं नसतं, त्याला उलटी होतच नाही, उलट आतडं थांबलं की तोच नवा आजार. कोणी सवयीने रात्रीपासून काही देऊ नका म्हणालं तर पुन्हा विचारून खात्री करून घ्या. जखम भरायला कोलॅजन लागतं, कोलॅजनला व्हिटॅमिन सी लागतं, आणि गिनी पिग आपल्यासारखाच ते शरीरात बनवू शकत नाही, स्कर्व्हीचा अभ्यास होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी 1907 मध्ये गिनी पिगवरच केला होता. तेव्हा रोज ढोबळी मिरचीची फोड, पेरूचा छोटा तुकडा द्या. पाण्याच्या बाटलीत सीचे थेंब टाकण्यात अर्थ नाही, पाण्यात ते लवकर नासतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज सकाळी वजन करून लिहून ठेवा, लेंड्या कमी किंवा बारीक झाल्या, अर्धा दिवस काही खाल्लं नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरला फोन करायचा. जखम साफ करताना हातमोजे घाला, हा जंतू क्वचित माणसालाही लागतो. फोंड्याच्या त्या घरात गिनी पिग दोन आहेत, मी त्यांना दुसऱ्याचाही गळा चाचपून बघायला आणि पिंजऱ्यातला पेंढा आजच्या आज काढून टाकायला सांगितलंय.